ढेपेची परीक्षा

पूर्वी ढेप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी तुकडा मोडून तोंडात टाकायचं, मग भाव विचारायचं. भोकरदनच्या आठवडी बाजाराच्या दिवशी अण्णांच्या दुकानापुढे मी हे लहानपणापासून बघत आलो. कडवट लागली, घशाशी खवखवली, की ढेप जुनी. अण्णांची रीत याहून कडक. रात्री पितळी तांब्यात मूठभर सरकी ढेप भिजत घालायचे, सकाळी वरचं पाणी हलकेच ओतून द्यायचे आणि तळाला बोट फिरवायचे. बोटाला रेती कचकचली की सगळा माल परत. "बेसनातली भेसळ माणूस ओळखतो, गाय कुणाला सांगणार?" असं म्हणायचे.

आजोबांच्या काळात ढेप घाण्यावरून यायची. करडई, कारळ, जवस आपल्याच रानातलं; तेल घरात, पेंड गोठ्यात. दाखला मागायचा कुणाला? केळनेकाठचं आमचं गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत इथल्या माणसांचा उल्लेख आहे. माल पारखून घ्यायची सवय तेव्हापासूनची असणार, असं मला मनापासून वाटतं.

पुढे कपाशी वाढली आणि घाण्याच्या पेंडीची जागा सरकीच्या ढेपेने घेतली. मग मार्च 2002 मध्ये केंद्राच्या समितीने बीटी कपाशीच्या पहिल्या तीन वाणांना परवानगी दिली. वाणं महिकोची, म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली आमच्या जालन्यातच उभ्या केलेल्या कंपनीची. थोड्याच वर्षांत आमच्याकडे बिगर-बीटी सरकी शोधून सापडेना. गेल्या वर्षी देवणी गायी पाळणारा एक तरुण सेंद्रिय ढेप मागायला आला. मी त्याला सरळ नाही म्हणालो. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात जनुक बदललेल्या पिकाचा चारा-दाणा चालत नाही आणि माझ्या दुकानातली सगळी ढेप बीटीची. नुसतं पोतं बदलून ती सेंद्रिय कशी होईल?

नात पुण्याहून कुत्र्यासाठी खाद्याचं पाकीट घेऊन आली, त्यावर 'ऑरगॅनिक' छापलेलं. ‘जैविक भारत’चं चिन्ह शोधलं, दिसलं नाही. ते चिन्ह 2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांमधलं, आणि ते नियम 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे. त्या कायद्यात 'अन्न' कशाला म्हणायचं हे सांगताना जनावरांचं खाद्य बाहेर ठेवलंय. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. गाईच्या पोटात जातं तेच पुढे आपल्या कपात येतं.

हे आम्ही भोगलंय. एका ओल्या पावसाळ्यात एका गिरणीतून आलेली ढेप तांब्याच्या परीक्षेत स्वच्छ उतरली. तळाला रेतीचा कणही नव्हता. पंधरा दिवसांत तीन गिऱ्हाइकांच्या गाई दुधाला आटल्या. डॉक्टर म्हणाले, बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. ते जिभेला कळत नाही, बोटाला लागत नाही, आणि त्याचा अंश दुधात उतरतो. तिघांचे पैसे अण्णांनी परत केले, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना झोप नव्हती.

म्हणून पोत्यावरच्या मानकाला मी नावं ठेवत नाही. तयार पशुखाद्यासाठी आयएस 2052 आहे. त्यात या विषाची मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे. इतकं बारीक मोजायला यंत्रच लागतं. दुधा-मांसाच्या जनावरांचं विकत मिळणारं खाद्य भारतीय मानकाप्रमाणेच असावं, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2020 साली काढला. कायद्याने बाहेर ठेवलेली गोष्ट दुधाच्या वाटेने अशी आत आली. त्याच्या कितीतरी आधी यायला हवी होती.

तांब्या अजून गल्ल्याशेजारीच असतो. त्यातली ढेप रात्रीत भिजते. तपासणीला पाठवलेल्या नमुन्याचा कागद यायला मात्र आठवडा जातो. तोवर नवीन पोती मागच्या खोलीत फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचून ठेवतो. गिऱ्हाईक घाई करतं. मी खोली उघडत नाही.