मोडलेल्या पोफळी, वाढती मुले

राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेल्या दिघीसह श्रीवर्धनच्या किनाऱ्याला ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने झोडपले. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. पंचनाम्यांत उडालेली छपरे, मोडलेल्या पोफळी नोंदल्या गेल्या. मुलांच्या मनातले भय कोणत्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न आम्हांस पडतो. बालपणीचे आघात जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्याचा धोका मोठा, हे फेलिटी व अँडा यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत दाखवून दिले. मात्र धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. घरचे उत्पन्न, शाळा, शेजार यांच्या आधारानेही मन सावरते. नवी पोफळ फळायला ५-६ वर्षे लागतात. तोवर उत्पन्नाचा आधार तुटतो आणि बालपणही सरते. आपत्तीचा इतिहास लिहिताना ही वर्षेही नुकसानीतच धरावीत, असे आम्हांस वाटते.