ओठ मागे, आवाज पुढे

2004 सालची गोष्ट. वसईत होळीला आमच्या घरी धाकट्या बहिणीचा निकाह झाला. थोरले भाईजान अमेरिकेत, न्यू जर्सीला. त्यांना रजा मिळाली नाही. म्हणून दीड तासाची डीव्हीडी करवून घेतली आणि टपालाने पाठवली. काही दिवसांनी फोन आला, ‘‘अरे, इथलं मशीन ही डिस्क घेतच नाही!’’

मंडळी, ज्यांची माणसे परदेशात आहेत अशा अनेक घरांना तेव्हा हा अनुभव आला. दुबई-कुवेतला पाठवलेली डिस्क चालायची, अमेरिका-कॅनडात मात्र अडायची. त्याचे मूळ विजेत आहे. दूरचित्रवाणी आली तेव्हा चित्रांची गती विजेच्या आवर्तनांशी जुळवली गेली, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकताना दिसत. अमेरिकेत वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, म्हणून चित्रे 30. युरोपात आणि आपल्याकडे 50, म्हणून चित्रे 25. पुढे रंग आले. अमेरिकेने 1953 मध्ये रंगीत प्रक्षेपणासाठी एनटीएससी पद्धत मंजूर केली. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी साठच्या दशकात पाल पद्धत आणली. 1982 साली आपले दूरदर्शन रंगीत झाले, ते पालवर. डीव्हीडीनेही हीच वाटणी पुढे चालवली.

चित्र आणि आवाज यांचा हा संसार जुना आहे. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवत. गती थोडी कमी-जास्त झाली तरी प्रेक्षक सांभाळून घेत. मग चित्रपट बोलू लागला. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. आता हात चुकला तर गाणे बेसूर होणार! बोलपटासाठी सेकंदाला 24 चित्रे हा नेम पक्का झाला, तो आवाजामुळे.

1953 मध्येही तेच घडले. रंगाची लहर आवाजाच्या लहरीत मिसळून चित्रावर जाळी उमटेल, अशी भीती होती. आवाजाची लहर हलवावी, तर लोकांच्या घरातल्या जुन्या संचांची पंचाईत. तेव्हा अभियंत्यांनी आवाज जागेवर ठेवला आणि चित्राची गती हजारात एका भागाने उतरवली. 30 ची झाली 29.97.

हा एवढासा फरक आमच्या घरापर्यंत पोहोचला. आम्ही मुंबईतल्या एका दुकानातून ती डिस्क अमेरिकी पद्धतीत करून घेतली. खरी रीत अशी, की आवाजाला हात लावायचा नाही. नव्वद मिनिटे नव्वदच राहिली पाहिजेत. 25 चित्रांतली काही पुन्हा दाखवून गती 29.97 पर्यंत न्यायची. चित्र दोनदा दिसले तरी डोळा माफ करतो. कान करत नाही. गझलेत एक मात्रा घसरली तरी त्याला कळते.

दुकानदाराने 29.97 च्या जागी सरळ 30 धरले. नव्वद मिनिटांची 1,62,000 चित्रे तयार झाली. अमेरिकेतल्या मशीनने ती आपल्या चालीने दाखवली, तेव्हा चित्राला जवळजवळ साडेपाच सेकंद जास्त लागले. आवाज ठरल्या वेळी पोचला, चित्र मागे रेंगाळले. सुरुवातीला कळत नव्हते. ‘कुबूल’च्या वेळी ओठ हलायच्या आधीच शब्द ऐकू आला. शेवटी रुखसतीला अम्मीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली, तिथे तर पाच सेकंदांचे अंतर. भाईजान म्हणाले, ‘‘अम्मीचा आवाज आधी येतो, अम्मी नंतर.’’

अम्मी 2011 मध्ये गेली. मूळ डिस्क पोरांच्या हाती पडून ओरखडली होती. तिचा आवाज उरला तो त्या बिघडलेल्या नकलेतच. दोन्ही पद्धतींची डिस्क चालवणारे मशीन मिळाले, तरी नकलेत बसलेली चूक आपोआप जात नाही.

परवा त्याच बहिणीच्या मुलाने ती डिस्क संगणकावर घातली. त्याने आधी एक गोष्ट तपासली : आवाज पहिल्यापासून सारखाच पुढे आहे, की अंतर वाढत जाते? सारखेच असेल, तर सगळा आवाज एकदाच सरकवला की झाले. वाढत जात असेल, तर गतीचे गणित चुकले आहे. नुसते सरकवून एक टोक जुळते, दुसरे सुटते. आमचे वाढत जाणारे होते. त्याने आवाज हजारात एका भागाने ताणला. सुरात फरक पडला, पण कानाला कळणार नाही इतकाच.

रात्री दुआचा तेवढा तुकडा भाईजानना फोनवर पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग त्यांचा फोन आला. म्हणाले, ‘‘आता अम्मी बोलतेय.’’