सॉफ्टवेअर इंजिनिअरने एमबीए करावे का?

आयटी कंपनीत तीन-चार वर्षे झाली की आपल्या अनेक तरुणांना एकच प्रश्न पडतो : आता एमबीए करू का? घरातला पहिला इंजिनिअर असलेल्या मुलासाठी हा फक्त करिअरचा प्रश्न नसतो. त्याच्या पगारावर घरभाडे, बहिणीचे शिक्षण, आई-वडिलांचा औषधोपचार चालतो. दोन वर्षे तो पगार थांबणार असतो. म्हणून आम्ही हा विषय मुद्द्यांनुसार मांडत आहोत.

आधी कामाचा विचार

प्रॉडक्ट मॅनेजमेंट, कन्सल्टिंग, फायनान्स किंवा मार्केटिंगमध्ये जायचे असेल तर एमबीएचा उपयोग होतो. आर्किटेक्ट, डेटा किंवा क्लाऊडच्या कामात पुढे जायचे असेल तर त्याची गरज नाही. तिथे कौशल्य आणि अनुभव मोजला जातो. प्रमोशन अडले, मॅनेजर त्रास देतो, एवढ्याच कारणासाठी एमबीए करू नये. त्यावर नोकरी बदलणे हा स्वस्त उपाय आहे.

खर्चाचा हिशेब

जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी २० लाखांच्या वर आहे. त्यात बुडालेला पगार मिळवा. महिना ६० हजार हातात येत असतील तर २४ महिन्यांचे १४ लाख ४० हजार होतात. खरा खर्च हा दोन्हींची बेरीज आहे. मुंबईतील जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था यांची फी त्या मानाने बरीच कमी आहे. तिथला प्रवेश राज्याच्या एमबीए सीईटीतून होतो. कॅम्पस प्लेसमेंट कमकुवत असलेल्या खासगी कॉलेजात कर्ज काढून जाणे मात्र आम्हाला धोक्याचे वाटते.

आरक्षण आणि कागदपत्रे

आयआयएमच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमात अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. कॅट परीक्षेसाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना ४५ टक्के पुरतात. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरीही आपली मुले दाखल्यात अडकतात. राज्याच्या दाखल्यावर नुसते ‘नवबौद्ध’ असेल तर केंद्रीय संस्थेत अडचण येते. मूळ जात नमूद असलेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तो कॅटचा अर्ज भरतानाच जोडावा लागतो. राज्याच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ही कामे सहा महिने आधी सुरू करा.

राखीव जागेतून प्रवेश घेताना संकोच करण्याचे कारण नाही. तो घटनेने दिलेला हक्क आहे. वर्गात कोणी रँक विचारून टोमणा मारला तर त्यात लाज त्याची आहे, तुमची नाही.

शिष्यवृत्ती

केंद्राच्या सामाजिक न्याय विभागाची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती निवडक नामांकित संस्थांना लागू आहे. तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ८ लाखांची मर्यादा आहे आणि जागाही मोजक्या असतात. राखीव जागेला उत्पन्नाची अट नाही, शिष्यवृत्तीला आहे, हा फरक लक्षात ठेवा. नोकरी करणाऱ्याने आपला पगार उत्पन्नात कसा धरला जाईल, हे संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागाकडून आधीच विचारून घ्यावे.

एक वर्षाचा पर्याय

अनुभवी उमेदवारांसाठी आयएसबी आणि काही आयआयएम एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवतात. पगार एकच वर्ष बुडतो, पण फी मोठी असते. आयएसबी खासगी संस्था आहे. आयआयएमच्या या अभ्यासक्रमांतही आरक्षण आहेच असे गृहीत धरू नका, त्या वर्षीची प्रवेश सूचना वाचा.

आमचे मत

अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी करा. ज्या कामात जायचे आहे ते काम करणाऱ्या दोघा-तिघांशी बोला. घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा. आणि घरच्यांसमोर हा हिशेब कागदावर मांडा. कर्जाचा हप्ता किती वर्षे जाईल हे त्यांनाही कळू द्या.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा काय शिकायचे आणि ते कशासाठी, हे त्यांच्यापुढे स्पष्ट होते. आपल्या मुलांनी मोठ्या संस्थांत जावेच, कंपन्यांच्या निर्णयाच्या टेबलावर आपली माणसे फार कमी आहेत. पण जाण्याचे कारण स्वतःचे असावे. शेजारच्या क्युबिकलमधला जातो म्हणून जाऊ नये.