प्रतिरक्षादमनक औषधांची लक्ष्यित योजना

रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये, तसेच स्वप्रतिरक्षा विकार आटोक्यात राहावेत म्हणून प्रतिरक्षा दडपणारी औषधे देतात. ती सर्वांगात पसरत असल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो; त्यांपैकी टॅक्रोलिमस तर वाचवायच्या मूत्रपिंडालाच इजा करू शकते. म्हणून औषध हवे तेथेच सोडण्याचा प्रयत्न होतो. उदाहरणार्थ, बुडेसोनाइड या औषधाची विशिष्ट कॅप्सूल आतड्यात उघडते आणि शोषलेले बहुतेक औषध यकृत लगेच निष्क्रिय करते.

सर्वांत रुळलेले उदाहरण मात्र हृदयरोगातले आहे. सातारा, कराड, सांगली, मिरज येथे अँजिओप्लास्टीत धमनी उघडी ठेवण्यासाठी बसवले जाणारे अनेक स्टेंट सिरोलिमस या प्रतिरक्षादमनक औषधाने लेपलेले असतात. ईस्टर बेटाच्या मातीतील जीवाणूपासून मिळालेल्या या औषधावर शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी चिकाटीने काम केले. १९९९ मध्ये अमेरिकेत ते मूत्रपिंडरोपणासाठी मंजूर झाले. गोळीवाटे रोज काही मिलिग्रॅम लागणारे हे औषध स्टेंटवर मिलिग्रॅमच्या अंशाइतकेच असते. येथे त्याचे काम प्रतिरक्षा दडपण्यापेक्षा धमनीच्या भिंतीतील पेशींची अतिवाढ रोखण्याचे असते. मात्र धमनीचे अस्तर भरून येण्यास त्यामुळे उशीर लागतो, म्हणून रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या चुकवून चालत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने अशा स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये (करांव्यतिरिक्त) ठरवली. स्टेंट असे रुळले असले, तरी रोपित अवयवापर्यंत नॅनोकणांतून औषध नेण्याचे काम अजून बहुतांशी प्रायोगिक आहे.