पडद्यावरचा बुद्ध कोणाचा?

1925 च्या 'प्रेम संन्यास' या मूकपटात सिद्धार्थ म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून विरक्त होतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) या ग्रंथात ही दंतकथा नाकारली. एकोणतीस वर्षांपर्यंत त्याने हे पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही. त्यांनी कारण दिले रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद आणि सिद्धार्थाचा युद्धाला विरोध.

2023 मध्ये 'मेड इन हेवन'च्या एका भागात नीरज घायवान यांनी बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले. तिथली दलित वधू या विधीसाठी सासरच्यांपुढे ठाम राहते. आम्हाला बाबासाहेबांचा धम्म इथे दिसतो. मित्रांनो, पडद्यावर बुद्धमूर्ती दिसली म्हणून हुरळू नका. तो बुद्ध अन्यायाला नकार देतो का, एवढे तपासा.