गाडीचं वायरिंग हार्नेस म्हणजे काय? फ्यूज नेमका कोणाला वाचवतो?

पावसाळ्यात पुण्याहून पौडमार्गे मुळशीला, तिथून पुढे ताम्हिणी घाटात निघालेली गाडी आठवा. भर दुपारी हेडलाइट चालू, वायपर जोरात, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर आणि सोबत मोबाइल चार्जिंगला. या सगळ्यांना वीज पोचवणाऱ्या तारांच्या बांधलेल्या जुडीला वायरिंग हार्नेस म्हणतात. आजच्या मध्यम आकाराच्या गाडीतल्या तारा एकापुढे एक जोडल्या, तर त्यांची लांबी एक किलोमीटरच्या पुढे जाते.

वीज कशी फिरते?

इंजिन बंद असताना वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर साधारण १४ व्होल्टने वीज पुरवतो आणि बॅटरीही चार्ज करतो. वीज फ्यूजमधून, स्विच किंवा रिलेमधून बल्बपर्यंत जाते. परतीसाठी प्रत्येक वेळी बॅटरीपर्यंत वेगळी तार नसते. गाडीची लोखंडी बॉडीच ते काम करते. याला मेकॅनिक ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. अर्थचा बोल्ट गंजला की लाइट मंद होतात किंवा लुकलुकतात. अशा वेळी बल्ब बदलून उपयोग होत नाही.

फ्यूज तारेसाठी असतो

फ्यूज बल्ब किंवा म्युझिक सिस्टिम वाचवण्यासाठी असतो, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याचं पहिलं काम तार वाचवणं हे आहे. तार जेवढा करंट झेपवू शकते, त्याच्या आत फ्यूज वितळायला हवा. म्हणून त्यांना ठरलेले रंग असतात : लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर.

आता घाटात जास्त उजेड हवा म्हणून कोणी ५५ वॅटचे दोन बल्ब काढून १०० वॅटचे बसवले असं समजू. १२ व्होल्टच्या हिशेबाने करंट सुमारे ९ वरून १७ अँपिअरच्या आसपास जातो. तारेतली उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त. फ्यूज उडतो. मग ‘सारखा उडतो’ म्हणून मोठा फ्यूज घातला जातो. आता फ्यूजऐवजी तारच तापते, तिचं प्लॅस्टिक वितळतं आणि आग लागू शकते.

पाऊस आणि उंदीर

तारा जिथे जोडल्या जातात त्या कपलरमध्ये रबरी सील असतं. तार मध्येच सोलून टेपने जोड दिला की त्या जागी सील राहत नाही. पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि बिघाड कधी येतो, कधी जातो. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीरही तारा कुरतडतात.

नव्या गाड्यांत काय बदललं?

प्रत्येक कामाला वेगळी तार टाकली तर जुडी फारच जाड होईल. म्हणून बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही पद्धत मांडली. यात पिळलेल्या दोन तारांवरून गाडीतले अनेक छोटे कॉम्प्युटर एकमेकांना निरोप देतात. अशा कॉम्प्युटरना लागणारं सॉफ्टवेअर मुळशी तालुक्यातल्याच हिंजवडीतही तयार होतं. पण त्यामुळे भलत्याच तारेला जोड दिला, तर लाइटबरोबर इतर यंत्रणाही गोंधळू शकतात.

काय लक्षात ठेवावं?

• उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. पुन्हा उडाला तर कारण शोधा.
• जादा लाइट किंवा हॉर्नसाठी रिले, वेगळा फ्यूज आणि योग्य जाडीची तार घ्या.
• जळका वास आला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, सगळे खाली उतरा आणि दूर उभे राहा.
• गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवून पाहू नका.
• इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या केशरी केबलना हात लावू नका. त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

काही रुपयांचा फ्यूज उडतो तेव्हा तो गाडी वाचवत असतो.