भट्टी आणि परवाना

बंगळूर शहराच्या पूर्वेला, जुन्या विमानतळाच्या पलीकडे, मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. हे नाव कानी पडताच मराठी माणूस क्षणभर थबकतो. शहाजीराजांच्या बंगळुरातील वास्तव्याची त्याला आठवण होते आणि ही एखादी मराठ्यांची हळ्ळी, म्हणजे खेडे, असेल काय, असा विचार मनात येतो. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले व शहाजीराजे तेथे राहू लागले, हे खरे. १६८७ साली ते मोगलांकडून तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले, हेही खरे. परंतु नादसाम्य म्हणजे इतिहास नव्हे. १९६१ साली आकाशात झेपावलेल्या ‘मारुत’ या भारतीय लढाऊ विमानाशी या नावाचा संबंध जोडणारेही आहेत. महाराष्ट्राशी या परिसराचा निश्चित धागा जुळतो तो वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकामुळे. १९४० साली त्यांनी बंगळुरात विमानांचा कारखाना काढला आणि मारतहळ्ळी त्या कारखान्याच्या जवळपास शेजारीच आहे.

या वस्तीत आज संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारी तरुण मंडळी दाटीवाटीने राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. माझ्या परिचयाच्या अशाच एका तरुणाने मला एकदा विचारले, “काका, लहानशी बिअरची भट्टी काढायची म्हटली तर काय लागेल?” मी त्याला म्हटले, “तुझ्या आईला विचार. निम्मे काम तिला येते.” त्याला ती थट्टा वाटली. मी मात्र ते विचारपूर्वक बोललो होतो.

घरात लहान मूल असले की नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून तिला मोड आणतात, सावलीत वाळवतात, हलकेच भाजतात आणि दळून सत्त्व काढतात. सातूच्या बाबतीत बिअर करणारा प्रथम हेच करतो. धान्याला मोड फुटतो तेव्हा त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी द्रव्ये जागी होतात. पुढे ते भरडून सुमारे पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात भिजत ठेवले म्हणजे गोड निवळ मिळते. ती हॉप नावाच्या वेलीच्या कडसर फुलांबरोबर उकळतात, थंड करतात आणि तीत किण्व, म्हणजे यीस्ट, सोडतात. किण्व साखर खाते, मद्यार्क व वायू मागे ठेवते आणि काही दिवसांनी पेय तयार होते. आंबील करणाऱ्या गृहिणीला आंबवणे शिकवावे लागत नाही. मग कठीण ते काय? कठीण आहे परवानगी. या धंद्याचा आपल्या देशातील इतिहास पाहिला, तर तो भट्टीपेक्षा परवान्याचाच इतिहास आहे असे आढळून येते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक नावाच्या पेयासाठी एक द्रोण पाण्याला अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, असे मापही तेथे दिलेले आहे. सुरा कोठे विकावी, किती विकावी, गिऱ्हाइकावर नजर कशी ठेवावी, याचे नियम त्यात आहेत. परंतु त्याच प्रकरणात एक सवलतही आहे. उत्सव, समाज आणि यात्रा अशा प्रसंगी चार दिवस सुरेची मोकळीक द्यावी, असे कौटिल्य सांगतो. राज्याचा खजिना आणि लोकांची रीत यांतील तो एक समझोता होता. ही ‘चार दिवसांची मुभा’ आपण लक्षात ठेवू या, कारण पुढील इतिहास ती मुभा कोणाला मिळाली आणि कोणाची काढून घेतली गेली, याचाच आहे.

इंग्रज येथे आले तेव्हा त्यांची बिअर जहाजाने त्यांच्यामागे आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसन याची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येत असे. १८२० नंतर बर्टनच्या कारखानदारांनी हा व्यापार त्याच्याकडून हिसकावला. जास्त हॉप घातलेली ही फिकट बिअर पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणून प्रसिद्ध झाली. गंमत अशी की, तिच्या नावात हिंदुस्थान असला तरी ती हिंदुस्थानात होत नसे.

बंगळुरात १८०९ साली लष्करी छावणी वसली. गोऱ्या शिपायाला स्वस्त अर्क मिळाला तर तो आजारी पडतो आणि शिस्त मोडतो, हे सेनाधिकारी जाणून होते. त्या मानाने बिअर सौम्य. परंतु विलायतेहून पिंपे आणणे महाग पडे, म्हणून ती येथेच करावी हा विचार बळावला. उत्तरेत कसौली व मरी येथील थंड टेकड्यांवर कारखाने निघाले. मरीच्या कारखान्याची व्यवस्था पाहणाऱ्या एडवर्ड डायर याचा मुलगा रेजिनल्ड हाच पुढे १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबार करविणारा जनरल डायर. एकाच राजवटीने एका घराण्याकडून सैनिकांसाठी पेयही करवून घेतले आणि रक्तपातही!

दक्षिणेत निलगिरी आणि बंगळूर ही ठिकाणे सोयीची ठरली. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील बंगळूरची हवा तेव्हा निवांत थंड असे, आणि यांत्रिक शीतगृहे येण्यापूर्वी तेच या धंद्याचे भांडवल होते. पाश्चरने १८७६ साली बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, १८८३ साली कोपनहेगन येथे हान्सेनने शुद्ध किण्वाची निवड साधली आणि त्याच सुमारास लिंडेची शीतयंत्रे कारखान्यांत आली. या तीन गोष्टींनी हवामानाचे महत्त्व घटले आणि भांडवलाचे वाढले. लहान भट्टीवाल्याला हे परवडणारे नव्हते. १९१५ साली थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिण हिंदुस्थानातील पाच छोट्या ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी स्थापन केली. त्या पाचांतील सर्वांत जुनी १८५७ पासूनची होती. स्वातंत्र्याच्या सुमारास विठ्ठल मल्ल्या यांनी तिचे भाग विकत घेतले. १९४७ साली ते तिचे पहिले हिंदी संचालक झाले व पुढील वर्षी अध्यक्ष. पाच लहानांचा असा एक मोठा झाला. २०२१ साली या मोठ्याचा बहुतांश ताबा हायनेकेन या डच कंपनीकडे गेला. मोठ्या माशाच्या गोष्टीला शेवट नसतो, तो असा.

हे छावणीत घडत असताना गावात काय चालले होते? मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. त्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून निर्मिती मोजक्या मक्तेदारांच्या हाती एकवटली. ताडाच्या झाडावर कर चढला, आणि १८९२ च्या कायद्याने मोहाचे फूल जवळ बाळगणेसुद्धा संशयास्पद झाले. ज्या आदिवासीच्या लग्नात, सणात आणि देवकार्यात घरचे मद्य लागे, तो आपल्याच अंगणात गुन्हेगार ठरला. कौटिल्याने दिलेले चार दिवसही त्याला उरले नाहीत. दुसऱ्या बाजूने, सरकारला महसूल मिळतो म्हणून दुकाने वाढत होती. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी १८८० साली दारूच्या दुकानांच्या या वाढीविरुद्ध आवाज उठविला, तो याच जाणिवेने. गरिबाची भट्टी मोडली. गरिबाचे व्यसन मात्र मोडले नाही, ते मक्तेदाराच्या दुकानात गेले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. घटनेच्या सत्तेचाळीसाव्या अनुच्छेदाने दारूबंदीचे ध्येय राज्यांपुढे ठेवले. त्या कायद्याचा कडकपणा पुढे ओसरला, पण परवान्यावाचून मद्य करता येत नाही हे तत्त्व कायम राहिले. म्हणून माझ्या तरुण मित्राने हौसेने घरच्या घरी बिअर आंबविली, तर तो कायद्याच्या दृष्टीने अपराधच होईल.

लहान भट्टीला कायद्याची वाट मोकळी झाली ती अगदी अलीकडे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ या नावाची छोटी ब्रुअरी निघाली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहिलेले गोरे शिपाई कंटाळ्याने आणि तापाने भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजी बोलीत ‘डूलाली’ हा वेड्यासाठी शब्दच रूढ झाला. विलायतेस गेलेले देवळालीचे नाव पुण्यात असे परत आले. कर्नाटकातही त्याच सुमारास नियम झाले आणि २०११ साली बंगळुरात ‘बियर क्लब’ सुरू झाला, तोही विठ्ठल मल्ल्या मार्गावर, म्हणजे ज्या भागात जुन्या कंपनीची ब्रुअरी होती तेथेच. पाठोपाठ इंदिरानगर, व्हाइटफील्ड करीत ही लाट बाह्य वर्तुळमार्गाने मारतहळ्ळीच्या परिसरात पोहोचली. कोठे कोठे नाचणीचीही बिअर होऊ लागली. कन्नड मुलखातील रागी ती हीच!

येथवर सारे गोड आहे. परंतु धंदा काढू पाहणाऱ्या माझ्या मित्रापुढे मी दोन प्रश्न ठेवले. पहिला पाण्याचा. एक लिटर बिअरला कारखान्यात चार-पाच लिटर पाणी सहज लागते, आणि लहान भट्टीत त्याहून अधिक. बंगळूरचे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. मारतहळ्ळीच्या बाजूच्या वस्त्या तर कित्येक वर्षे कूपनलिका आणि टँकर यांवरच जगल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या कूपनलिका आटल्या तेव्हा लोक घागरी घेऊन टँकरपुढे उभे होते. शेजाऱ्याच्या घागरीला जे पाणी पुरत नाही, त्यावर आपली भट्टी चालविताना हात थरथरला पाहिजे.

दुसरा प्रश्न न्यायाचा. आज ‘लहान’ म्हणून ज्या भट्टीचे कौतुक होते, तिला परदेशी हॉप, चकचकीत पोलादी टाक्या, मोठी जागा आणि जबर शुल्क लागते. ती लहान आहे, पण गरिबाची नाही. गडचिरोलीतील स्त्रियांनी दारूबंदीसाठी आंदोलन केले आणि १९९३ पासून तो जिल्हा कोरडा आहे. त्यांच्या अनुभवापुढे काचेच्या पेल्यातील फेसाचे वर्णन जपूनच करावे लागते. व्यसनाने मोडलेला संसार मद्य लहान भट्टीचे की मोठ्या कारखान्याचे, हे विचारीत नाही.

मग तरुणाला मी नको म्हटले काय? नाही. कारागिराने आपल्या हाताने, मापात, आपल्या नावावर काही करावे आणि जबाबदारीने विकावे, यात मला वावगे दिसत नाही. पाच ब्रुअऱ्यांची एक झाली तेव्हा चवीबरोबर ही जबाबदारीही हरवली होती. मी त्याला एवढेच सांगितले, की परवाना अबकारी खाते देते, पण मुभा समाज देतो. कौटिल्याने दिलेले दिवस चारच होते. उरलेल्या दिवसांचाही त्याने विचार केला होता, आणि आपण विसरतो ते नेमके तेच.

परवा त्याचा निरोप आला. भट्टीचा बेत त्याने अजून सोडलेला नाही. मात्र आधी छपरावरचे पावसाचे पाणी साठविण्याचा हिशेब तो करीत आहे, आणि नाचणीला मोड कसे आणावेत हे आईला विचारून त्याने लिहून घेतले आहे.